मला चौथऱ्यावरून उतरवलं तेव्हा

मित्रांनो, दगड दमत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. मी नदीकाठचा पूरखांब आहे. नदीचं पाणी कधी कुठवर चढलं होतं, त्याची खूण अंगावर बाळगायची, हे माझं काम. अंगाने मी बुटका, रंगाने काळपट, आणि पोटावर आडव्या तीन रेघा. देखणेपणाच्या नावाने सगळा आनंदच आहे. आजवर मी ऊन सोसलं, पाणी सोसलं, पण सगळ्यात जास्त दमलो ते मान घेऊन उंचावर उभं राहण्याने. ते कसं, हेच आज सांगणार आहे. तुम्हाला घाई असेल तर पुन्हा कधी या. मी कुठे जातोय?

माझा जन्म एका मोठ्या पुरानंतर झाला. पाणी ओसरलं होतं, पण घरांच्या भिंतींवर चिखलाची कड अजून दिसत होती. ती धुऊन जायच्या आत तिची उंची दगडावर उतरवून ठेवायची, म्हणून एका पाथरवटाने मला खाणीतून आणलं. हा पाथरवट एरवी मोठा गप्पिष्ट होता म्हणे. मला घडवताना मात्र तो एक शब्द बोलला नाही. त्याचं धाकटं लेकरू त्या पुरात गेलं होतं.

त्याने माझा वरचा भाग छिन्नीने तासून गुळगुळीत केला आणि खालचा हातभर भाग तसाच ओबडधोबड ठेवला. पाथरवटांची ती रीतच आहे. जो भाग जमिनीत गाडायचा, त्यावर मेहनत कशाला वाया घालवायची? शिवाय खडबडीत दगड मातीला घट्ट धरून बसतो. मग नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांमधल्या सगळ्यात वरच्या पायरीला लागून त्याने खड्डा खणला. ओबडधोबड भाग जिथे संपतो आणि गुळगुळीत भाग सुरू होतो, ती कड पायरीच्या बरोबरीला येईल असं मला उभं केलं. मित्रांनो, ही कड लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर चिखलाची खूण होती. तिथून त्याने माझ्यापर्यंत दोरी ताणली, बायकोने दुसरं टोक धरलं, आणि माझ्या अंगावर पहिली रेघ कोरली गेली. जवळून जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, “एवढंच होतं होय पाणी? कमरेएवढं तर दिसतंय.”

“तुमच्या कमरेएवढं,” पाथरवटाची बायको म्हणाली. “त्याच्या डोक्यावरून गेलं.”

तो माणूस खाली मान घालून निघून गेला. पाथरवटाने छिन्नी पुन्हा उचलली आणि रेघ आणखी खोल केली.

त्यानंतरची कित्येक वर्षं मी मान मोडून काम केलं. पाऊस लागला की माणसं पायऱ्यांवर येऊन आधी माझ्याकडे बघायची. पाणी माझ्या पायाशी आलं की दुकानदार गोण्या माळ्यावर चढवायचे. माझ्या गुडघ्याशी आलं की आया लेकरांना काखेत घेऊन टेकाडाची वाट धरायच्या. कोणी कोणाला सांगावं लागत नसे. दोन वेळा पाणी बरंच वर आलं, पण पहिल्या रेघेच्या खालीच थांबलं. त्याही रेघा माझ्यावर कोरल्या गेल्या. त्या दोन्ही वेळा कुणाचं लेकरू गेलं नाही. त्या दिवसांत मला कोणी हार घातला नाही की माझा फोटो काढला नाही, पण माझा शब्द गावात चालत होता. मला तेवढं पुरे होतं.

मग वरच्या अंगाला धरण झालं. नदी शहाण्या सुनेसारखी खालमानेने वाहू लागली. पाणी पायऱ्यांपर्यंत येईना आणि माणसं माझ्यापर्यंत येईनात. कोणी मला शेळी बांधली, कोणी सायकल टेकवली, कोणी माझ्या तोंडावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ असा कागद डकवला. त्या कागदाची खळ उन्हात वाळून अंग ओढून धरायची. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण मनात म्हणायचो, जाऊ दे. पूर येत नाही ही काही रडायची गोष्ट नाही.

अशात नगरपालिकेत एक तरुण इंजिनीअर आला. त्याला जुन्या वस्तूंचं भारी वेड. त्याने स्वतःच्या हाताने माझ्यावरचे कागद खरवडले, रेघांमधली माती काडीने काढली. माझ्यासमोर उभा राहून तो म्हणायचा, “ज्यानं गावाला इतकी वर्षं सावध केलं, तो असा मातीत?” खरं सांगतो, इतक्या वर्षांनी कोणीतरी प्रेमाने हात फिरवला म्हणून मीही सुखावलो होतो. पुढे काय होणार हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्याने मला उपटलं. त्याच जागेवर छातीएवढा उंच चौथरा बांधला आणि त्याच्या डोक्यावर मला बसवलं. मी आणखी उंच दिसावा म्हणून माझा तळ जेमतेम सिमेंटमध्ये रोवला. जो ओबडधोबड भाग जमिनीत लपायचा, तो बराचसा उघड्यावर आला. चौथऱ्याभोवती साखळी आली, पुढे संगमरवरी पाटी आली, तिच्यावर इंजिनीअरसाहेबांचं नाव आलं. फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. मी वर गेलो तशा माझ्या रेघाही माझ्याबरोबर वर गेल्या. पाणी जिथे कधी पोचलंच नव्हतं, ती जागा आता मी गावाला दाखवत होतो. एवढ्या थाटामाटाने मला खोटं बोलायला उभं केलं गेलं, आणि दगडाला तोंड नसल्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

चौथऱ्याचा एक फायदा मात्र झाला. मला लांबचं दिसू लागलं, आणि चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बसून गाव जे काही बोलायचं ते सगळं माझ्या कानावर पडू लागलं. शाळेच्या सहलीही येऊ लागल्या. मुलं रांगेत उभी राहायची, शिक्षक सांगायचे, “लिहा. हा खांब आपल्या पूर्वजांचा अमूल्य ठेवा आहे.” मुलं वहीत डोकं घालून लिहायची. माझ्याकडे बघायला वेळ कोणाला होता? शेवटी सगळे मिळून ‘वारसा जपा’ असं ओरडायचे आणि डबे उघडायचे. वर्षानुवर्षं तेच. इंजिनीअरसाहेब म्हातारे झाले, निवृत्त झाले, तरी रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि पाटीवरची धूळ रुमालाने पुसायचे.

अशी बरीच वर्षं गेल्यावर प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला नव्या बाई आल्या. त्या गवंड्याच्या घरातल्या. एके दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला त्या पोरांना घेऊन थेट माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझी साखळीच काढून बाजूला ठेवली.

“पुस्तकं दप्तरात राहू द्या,” बाई म्हणाल्या. “आज याला विचारायचं.”

“बाई, हा कुठे बोलतो?” मागून कोणीतरी म्हणालं.

“गृहपाठ का नाही केला म्हटलं की तूही बोलत नाहीस. तरी मी काढून घेतेच ना तुझ्याकडून? तसंच.”

पोरं हसली आणि चौथऱ्यावर चढून माझ्या अंगाला झोंबली. कोणी रेघेत बोट घातलं, कोणी माझा वास घेतला. मला गुदगुल्या झाल्या असं म्हणणार होतो, पण या वयात ते शोभत नाही. त्या पोरांमध्ये एक मुलगी होती. तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे, वर्गाने तिला ‘शंकासुर’ असं नाव ठेवलेलं होतं. एका प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत तिचा दुसरा तयार असायचा. आपले इंजिनीअरसाहेब तिचे आजोबा.

“बाई, ही सगळ्यात वरची रेघ म्हणजे पाणी इथवर आलं होतं?”

“हो.”

“मग आपली नवी शाळा तर उतारावर आहे. तिथं कुठवर आलं असेल?”

बाईंनी नदीच्या वळणाकडे पाहिलं. नवी शाळा नदीच्या वळणावर, सखल जागेत, जवळजवळ बांधून झाली होती. चौथऱ्यावरून मला तिचं पांढरं छप्पर दिसायचं. जुन्या शाळेत दाटी झाली होती, म्हणून सगळं गाव नव्या शाळेकडे डोळे लावून बसलं होतं. खालच्या मजल्यावर पहिलीचे वर्ग बसणार होते. त्या वर्गांच्या भिंती निळ्या रंगवून त्यांच्यावर मासे काढले होते, असं पोरं कौतुकाने सांगायची. शंकासुराचा धाकटा भाऊ टिल्लू यंदा पहिलीत जाणार होता. त्याने आपली जागाही ठरवून टाकली होती, लाल माशाच्या खाली.

“पण आता धरण आहे ना, बाई?” एक मुलगा म्हणाला.

“धरण भरलं की दारं उघडावीच लागतात, बाळा,” बाई म्हणाल्या. “चला, शंकासुराने विचारलंच आहे, तर मोजून बघू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांची पाण्याची नळी आणली. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ना, तीच. लांब, आरपार दिसणारी, आत पाणी भरलेली. तिची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक माझ्या वरच्या रेघेला लावायचं, दुसरं जवळच्या भिंतीला, आणि पाणी थांबेल तिथे खडूने रेघ मारायची. मग तिथून पुढच्या भिंतीवर. अशी माझी रेघ माझ्या अंगावरून उतरून बाजारातून चालू लागली. मला काय वाटलं असेल, याची कल्पना करा. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझं म्हणणं ऐकत होतं, आणि माझं म्हणणं खोटं होतं.

रेघ इतकी उंचावरून चालली होती की बाईंना स्टुलावर चढावं लागत होतं. न्हाव्याच्या पाटीवरून ती गेली, शिंप्याच्या दारावरून गेली, आणि जुन्या किराणा दुकानाशी येऊन अडली. दुकानदार बाहेर आला. वर बघून तो पोट धरून हसला.

“अहो बाई, ही रेघ आमच्या माळ्याच्या वरून जातेय! त्या पुरात अर्धी पेठ याच माळ्यावर बसून वाचली. माझ्या पणजोबांनी वर चूल पेटवली होती. पाण्यात बसून पेटवली का?”

बघ्यांना तेवढंच हवं होतं. तरी पोरांनी नेटाने रेघ नव्या शाळेपर्यंत नेली, तर ती खालच्या वर्गांच्या छताला टेकली. शाळेचा ठेकेदार तिथेच होता. तो म्हणाला, “एवढं पाणी आलं असतं तर हे गाव आज असतं का? पोरांना पाढे शिकवा, पाढे.” शाळा सुटायच्या आत ही गोष्ट तिखटमीठ लावून गावभर झाली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते, आणि शाळेतल्याच बाई शाळा बुडवायला निघाल्या होत्या. “पुस्तकात जेवढं आहे तेवढंच शिकवा,” असं त्यांना बजावण्यात आलं.

शाळा सुटल्यावर बाई माझ्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. फार थकलेल्या दिसत होत्या. त्यांच्यापेक्षा मी जास्त थकलो होतो. खरं माझ्या अंगावरच लिहिलेलं होतं, पण बोट दाखवायला मला बोट नव्हतं.

शंकासुर टिल्लूला बालवाडीतून घरी नेत होती. बाईंना बघून ती जवळ येऊन उभी राहिली. टिल्लू मात्र चौथऱ्यावर चढला आणि मला मिठी मारून घसरगुंडी करू लागला. वरून सर्रकन आला आणि खाली येताच किंचाळला. गुडघा सोलवटला होता.

“हा खांब खाली चावतो!” तो रडत म्हणाला. “वरती नाही चावत. खालीच चावतो.”

बाईंनी रुमाल काढून त्याच्या गुडघ्याला बांधला. बांधता बांधता त्यांचा हात थांबला. त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या अंगावरून वरून खाली तळवा फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एकदम खरखरीत. पुन्हा फिरवला. मित्रांनो, मला तेव्हा श्वास असता तर मी तो रोखून धरला असता.

“माझे बाबा म्हणायचे,” बाई हळूच म्हणाल्या, “जो दगड पुरायचा, तो कोणी तासत नाही.”

“मग याचा न तासलेला भाग वर कसा, बाई?” शंकासुराने विचारलं. “तो तर जमिनीत असायला हवा होता.” आणि मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे याला कोणीतरी वर उचललं! रेघा पण वर गेल्या! आपण चुकलो नाही बाई, खांबच चुकीच्या जागी आहे!”

“पण उचलला कोणी?” बाई म्हणाल्या, आणि दोघींचीही नजर एकाच वेळी संगमरवरी पाटीवर गेली. शंकासुराचा चेहरा उतरला. तिने पुढची शंका विचारली नाही. टिल्लूचा हात धरून ती घरी गेली.

घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. सकाळी आजोबा आले ते रोजच्यासारखे काठी टेकत नव्हे, काठी आपटत आले. मागोमाग शंकासुर होती, डोळे सुजलेले. बाई आधीच आलेल्या होत्या.

“बाई, माझ्या नातीच्या डोक्यात काय भरवलंत?” ते गरजले. “मी याला खोटं पाडलं? मी? याच्या अंगावरची खळ मी नखांनी काढलीय!”

“माहीत आहे, साहेब. तुम्ही नसतात तर हा आज कुठल्यातरी गटारीवर आडवा टाकलेला असता.”

“मग?”

“आजोबा, तुम्ही फक्त हात लावून बघा ना,” शंकासुर म्हणाली. “रागवा मग.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते रोज यायचे, पण त्यांचा रुमाल फिरायचा तो पाटीवरून. त्यांनी काठी नातीकडे दिली, चौथऱ्यावर चढले आणि वाकून माझ्या खालच्या भागाला हात लावला. तो म्हातारा हात गुळगुळीत भागावरून खरखरीत भागावर आला आणि त्या कडेवर थांबला. इंजिनीअरच तो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

“ही कड पायरीला लागून होती,” ते म्हणाले. “मीच खणून काढला होता ना. इथवर माती चिकटलेली होती.” मग ते पायरीवर बसले आणि नातीला म्हणाले, “मला वाटलं, याला मान द्यावा.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. माझ्याशी वाईट वागणारे पुष्कळ झाले, पण त्यांना मी कधी इतका आवडलो नव्हतो.

“सगळ्यांनी मला खोटारडी म्हटलं, आजोबा,” शंकासुर म्हणाली.

“कोण म्हणतं? चल, नळी आण. एक टोक मी धरतो.”

मग वरच्या पायरीपासून माझ्या कडेपर्यंतची उंची सुतळीने मोजली गेली. तेवढी सुतळी माझ्या वरच्या रेघेपासून खाली सोडली, तेव्हा तिचं टोक जिथे आलं तिथून नळी निघाली. पाथरवटाने रेघ कोरली ती हीच जागा होती. या वेळी बाईंना स्टूल लागलं नाही. वर्गातली पोरं एकेक करून येऊन मिळाली आणि रेघ पुन्हा बाजारातून निघाली. किराणा दुकानात ती माळ्याच्या पुष्कळ खालून गेली. दुकानदाराने रेघ पाहिली, माळा पाहिला, आणि हसू गिळून म्हणाला, “हां. आता जमतंय. आमची आजी म्हणायची, माळ्यावरून पाय खाली सोडले तर पाण्याला लागत नव्हते.” मग तोही नळीचा मधला भाग उचलून धरत पोरांबरोबर चालू लागला.

ती मिरवणूक वळणावर पोचलेली मला चौथऱ्यावरून दिसली. पुढचं मला पोरांनीच नंतर चढाओढीने सांगितलं. पहिलीच्या वर्गात नळीतलं पाणी फळ्याच्या वरच्या कडेपाशी थांबलं. बाईंनी चारही भिंतींवरून खडूची रेघ ओढली. भिंतीवरचे सगळे मासे रेघेच्या खाली आले. आजोबांनी टिल्लूला लाल माशाखाली, त्याच्या ठरलेल्या जागी उभं केलं. रेघ त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. मग त्याला बाकावर उभं केलं. तरीही त्याच्या डोक्यावरच होती. टिल्लूला खेळ वाटला. तो हात वर करून म्हणाला, “बघा, मी पाण्यात!”

कोणी हसलं नाही म्हणे.

मुख्याध्यापक आणि ठेकेदार दारात उभे होते. ठेकेदार म्हणाला, “साहेब, तुम्हीसुद्धा पोरांच्या नादी लागलात? कालची रेघ छताला, आजची फळ्याला. उद्या पायाखाली येईल. खांब उचलला होता याला पुरावा काय?”

“मी उचलला,” आजोबा म्हणाले. “त्या पाटीवर माझं नाव आहे. कालची रेघ माझ्यामुळे चुकली, पोरांमुळे नाही. आजची पाथरवटाची आहे. माझ्या नातवाला मी या खोलीत बसू देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या नातवालाही नाही.”

मुख्याध्यापकांनी टिल्लूकडे पाहिलं. तो अजून बाकावर हात वर करून उभा होता. त्यांनी पुढे होऊन त्याला खाली उतरवलं आणि म्हणाले, “पहिली वर बसेल.”

हे सगळं एका दिवसात गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. ठेकेदार कुरकुरला. काही पालकांनी तक्रार केली की एवढ्याशा पोरांनी जिने कसे चढायचे. उद्घाटन पुढे गेलं आणि पाहुणे रुसले. पण पहिलीचे वर्ग वरच गेले. खाली सायकली लावायला जागा झाली. निळ्या भिंतींवरचे मासे आता सायकलींकडे बघत बसतात. टिल्लू लाल माशासाठी पुष्कळ रडला, तेव्हा चौथीच्या पोरांनी त्याला वरच्या वर्गात नवा मासा काढून दिला. तो बटाट्यासारखा दिसतो असं टिल्लूचं मत आहे.

राहिलो मी. गावाला आता माझं कौतुक पुन्हा आठवलं. कोणी म्हणालं, खांबावर दिवे लावू. कोणी म्हणालं, आणखी उंच करू, म्हणजे पुलावरून दिसेल. ऐकूनच माझ्या अंगाला कापरं भरलं. आजोबांनी काठी आपटली. “याला खाली उतरवा,” ते म्हणाले. “आणि माझी पाटी आधी काढा.”

चौथरा फोडायला माणसं आली तेव्हा आजोबा दिवसभर उन्हात उभे होते. वरच्या पायरीला लागून जुना खड्डा सापडला. त्यात मला उतरवलं, आणि माझी कड पायरीच्या बरोबरीला आली आहे ना, हे शंकासुराने नळी लावून बघितलं. थोडा वर राहिलो होतो. तिने मला पुन्हा काढायला लावलं. माणसं वैतागली, पण ती ऐकणारी नव्हती. शेवटी ओली माती माझ्या खडबडीत अंगाला सगळीकडून घट्ट बसली. मित्रांनो, खूप चालून आल्यावर पाय पाण्यात सोडून बसलात, तर जे वाटतं ना, ते मला वाटलं.

आता मला नवी शाळा दिसत नाही. मध्ये दुकानं येतात. शाळेची घंटा तेवढी ऐकू येते. आजोबांना चालवत नाही, म्हणून टिल्लू त्यांचा हात धरून आणतो. दरवर्षी चौथीचा वर्ग नळी घेऊन येतो आणि बाजारभर पुसट झालेली रेघ पुन्हा ओढतो. दुकानदार आता आपणहून शटर धरून उभे राहतात. बाई पोरांना अजूनही एकच सांगतात, “याला विचारा.” आणि पोरं मला हात लावतात. माझी पाठ त्यांच्या हातांनी अजून गुळगुळीत व्हायला लागली आहे.

तुमच्याही घराजवळ माझ्यासारखं कोणीतरी उभं असेल. एखादी कमान, एखादा हौद, बंद पडलेलं घड्याळ. त्याला उंचावर बसवू नका, साखळी लावू नका, त्याच्यापुढे घोषणा देऊ नका. जवळ जा आणि हात लावा. तो कुठे चावतो, कुठे चावत नाही, आणि असं का, एवढं विचारा. आम्हा जुन्या लोकांना हार नको असतो. आमचं म्हणणं कोणीतरी पुरतं ऐकून घ्यावं, एवढीच आस असते.

गेल्या पावसाळ्यात धरणाची दारं उघडली. पाणी पायऱ्या चढत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. गोण्या माळ्यावर गेल्या. सकाळीच बाई आणि शंकासुर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि पाणी माघारी फिरेपर्यंत हलल्या नाहीत. मी खरा ठरतो की नाही, हे बघायला बघेही जमले होते. त्यांना कोण सांगणार, खरं ठरण्याची मला हौस नाही. माझी प्रत्येक रेघ म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरलेलं पाणी आहे.

सगळ्यात वरच्या रेघेच्या वर माझ्या अंगावर अजून थोडी जागा कोरी आहे. पाथरवटाने ती का सोडली, हे मला ठाऊक आहे. ती तशीच कोरी राहू दे.